एक कवडी कमी

त्या किनाऱ्यावर कुणीच आपलं घर घेऊन जन्माला येत नसे. तिथे राहणारे सगळे खेकडेच, पण पाठीकडून मऊ. पुढे दोन नांग्या, काड्यांवरचे डोळे, चालण्यातला तोरा, सगळं काही असे. मागे मात्र उघडं, गुलाबी, उजवीकडे वळलेलं शेपूट, सोललेल्या कोळंबीसारखं. ते झाकायला प्रत्येकाला शंख शोधावा लागे. अंग वाढलं की तो शंख पुरत नसे, मग दुसरा शोधायचा. वर आभाळात घारी फिरत, आणि उघड्या पाठीचा खेकडा त्यांच्या नजरेतून सुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

पांढरे, कडा फुटलेले साधे शंख लाटांबरोबर हवे तितके येत. चांगले शंख मात्र एकाच ठिकाणी होते. किनाऱ्याच्या टोकाला एक गुहा होती आणि त्या गुहेत एक अष्टपाद राहत होता. त्याला शंख जमवायचा नाद. रोज ओहोटीला चाळीस खेकड्यांची टोळी गुहेत शिरे, पाच-पाच जण त्याच्या एकेका हाताला लटकत, तो दमे, आठही हात सैल सोडी आणि मरे. मेला की त्याच्या हातांखालून दोन-चार शंख आणि थोड्या कवड्या बाहेर पडत. भरतीचं पाणी आत आलं की तो पुन्हा जिवंत होई. हात जिथल्या तिथे, शंख जिथल्या तिथे. दुसऱ्या ओहोटीला टोळी पुन्हा दारात उभी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. अष्टपादालाही वाटत नसावं. अलीकडे तर टोळीची चाहूल लागली की तो स्वतःच हात पसरून बसे, म्हणजे सगळ्यांचं लवकर उरकेल.

मिळालेल्या शंखांसाठी शिंपल्या उडवत. ज्याची शिंपली शेवटपर्यंत उताणी पडेल, त्याचा शंख. बाकीचे सगळे नांग्या झटकत घरी जात. कधी एखादा एका सकाळी येतच नसे. त्याचा शंख रात्री होता तिथेच पडलेला असे, आणि तो आत नसे. तो कुठे गेला हे कुणी विचारत नसे. त्याच्या जागी दुसरा घेत आणि चाळीसचा आकडा भरत.

एक गोष्ट मात्र तिथली सर्वांत पक्की होती. शंख एकदा अंगावर चढवला की त्याला त्या खेकड्याचा वास लागे, आणि तो वास कशानेही जात नसे. दुसऱ्याचा वास असलेल्या शंखात तिथला कुणीही मेला तरी शिरला नसता. म्हणून ज्यात अजून कुणी शिरलेलं नाही अशा शंखालाच बाजारात किंमत होती. त्याला ते ‘कोरा’ म्हणत. घातला की संपला. मग तो तुमचा, तुमच्या मापाचा, आणि अंग वाढलं की वाळूवर टाकून द्यायचा.

बाजार भरे काळ्या कातळावर. तिथला कारभार एका कासवाकडे होता. तो घरासकट जन्मलेला असल्यामुळे त्याला कुणाचाच शंख नको होता, आणि म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. विकायचा शंख कातळावर मांडायचा तर आधी कासव तो हुंगून बघे, ‘कोरा’ म्हणे आणि जागेच्या पाच कवड्या घेई. शंख विकला जावो की न जावो, पाच कवड्या रोजच्या रोज. भरती कातळाच्या पायथ्याशी आली की दिवसभर जमलेल्या कवड्या तो शांतपणे पाण्यात ढकलून देई. इतक्या वर्षांत त्याला याचं कारण विचारायला कुणाला सवड झाली नव्हती.

कवड्यांबद्दलही थोडं सांगायला हवं. कवडीचं तोंड इतकं चिंचोळं की तिच्यात कुणालाच राहता येत नाही. बहुधा म्हणूनच ती चलनात आली असावी.

हरबा हा त्या कातळावरचा एक व्यापारी. पूर्वी तो टोळीत होता. अष्टपादाच्या तिसऱ्या हाताला लटकायचं हे त्याचं काम, आणि त्याच हाताला त्याच्या शेजारी येसू लटकायची. येसू अंगाने आडवी, बोलायला कमी आणि पकडीला घट्ट. दोघांनी मिळून किती ओहोट्या त्या हातावर काढल्या, त्याची गणती नाही. हात इकडून तिकडे आपटत असताना दोघं निवांत गप्पा मारत.

गप्पा बहुतेक करून पलीकडच्या खडकाच्या असत. किनाऱ्यापासून दूर, पाण्याच्या मधोमध एक मोठा खडक दिसे. त्याच्यावर हिरवळ होती. तिथे गुहा नव्हती आणि कातळही नव्हता. वर्षातून एकदा, मोठ्या उधाणानंतरच्या ओहोटीला पाणी इतकं मागे हटे की खडकापर्यंत वाळूचा एक दांडा उघडा पडे. चालून जाता येई. फक्त वाट लांब आणि आडोसा कुठेच नाही. घारी त्या दिवशी दांड्यावर रांग लावून असत. जाड, अखंड, अंगाला नेमका बसणारा शंख असेल तरच निभाव लागायचा.

“दोघांना एकेक बरासा शंख मिळाला की निघायचं,” येसू म्हणायची.

“निघायचं म्हणजे निघायचंच,” हरबा म्हणायचा, आणि तेव्हा ते तो मनापासून म्हणत होता.

मग एके दिवशी हरबाची शिंपली उताणी राहिली. नारिंगी तोंडाचा देखणा शंख त्याच्या वाट्याला आला. पण माप त्याच्याहून लहान. म्हणून तो कातळावर घेऊन गेला. नुकताच किनाऱ्यावर आलेला एक नवखा धावतच आला. नवखे असेच असतात, त्यांना सगळं आजच्या आज हवं असतं. त्याने न बोलता ऐंशी कवड्या मोजल्या. ऐंशी कवड्या जमवायला टोळीत चाळीस ओहोट्या लागत. हरबा कातळावर बसून राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला आपल्या थकलेल्या नांग्यांची कीव आली.

तो दुसऱ्या दिवशी गुहेत गेला नाही. गुहेच्या दाराशी जाऊन बसला. दमून बाहेर पडणाऱ्यांकडून नको त्या मापाचे शंख त्याने पन्नासाला घेतले आणि नवख्यांना ऐंशीला विकले. स्वतःच्या अंगावरचा जुना शंख त्याला तोवर आखूड झाला होता. तो त्याने टाकला आणि वाळूत पडलेली नारळाची करवंटी पाठीवर घेतली. करवंटी खालून उघडी, चालताना गडगडणारी, पण फुकट.

“हे काय घेतलंस?” येसूने विचारलं.

“दोन दिवसांपुरतं गं. एवढा माल निघाला की त्यातलाच एक घालतो.”

त्याच्यापाशी तेव्हा सहा कोरे शंख होते आणि त्यातले दोन त्याच्या मापाचे होते. पण हातातला माल अंगावर घालायचा म्हणजे चालत्या धंद्यातून ऐंशी कवड्या उचलून पाण्यात टाकण्यासारखं होतं. ते काम कासव करतच होता.

दोन दिवसांची दोन वर्षं झाली. हरबाचा धंदा बरा चालला असं कुणीही म्हटलं असतं. खरं म्हणजे तो जितका चालला, तितके कातळावर व्यापारी वाढले. टोळीतून नांग्या दुखल्या की जो तो गुहेच्या दाराशी येऊन बसू लागला. पन्नासाचे शंख साठाला, सत्तराला घ्यावे लागू लागले. विकताना तर वेगळीच तऱ्हा. किंमत दाखवायला शंखापुढे तितक्या फुटक्या कवड्या मांडत; त्या चलनात चालत नसत आणि कातळाच्या कपारींत हव्या तितक्या सापडत. ज्याच्या शंखापुढे सर्वांत कमी कवड्या मांडलेल्या, त्याचा आधी खपणार. म्हणून शेजाऱ्याने ऐंशी मांडल्या की हरबा एकोणऐंशी मांडी. पाठ वळली की शेजारी एक काढून अठ्ठ्याहत्तर करी. हरबा फेरी मारून आला की सत्त्याहत्तर. सकाळपासून सगळे व्यापारी कातळावर गोल गोल फिरत आणि एकेक कवडी काढत. कुणी कुणाशी भांडत नसे. भांडायला कुणाच्या अंगात त्राणच नसे. तोवर कासव पाच कवड्यांसाठी फिरून गेलेला असे.

यात नफा होता की नव्हता, हे हरबाला नीटसं सांगता आलं नसतं. काही दिवस असे, काही दिवस नसे. पण तो दमे मात्र रोज. गुहेत दमला की पूर्वी त्याला गाढ झोप लागे. आता करवंटीखाली पडल्यावरही डोळ्यांची एक काडी कातळाकडे ताठ उभी राही.

येसू टोळीतच होती. तिने मिळालेला पहिला मापाचा शंख सरळ अंगावर चढवला होता. राखी रंगाचा, टोकाला टवका गेलेला, पण जाड. दर उधाणाला ती कातळावर येई आणि विचारी, “चलतोस?” हरबा म्हणे, “या वर्षी नको, पुढच्या वर्षी नक्की. चांगला साठा झालाय.” ती हो म्हणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अष्टपादाच्या तिसऱ्या हाताला जाऊन लटके. आपण तिला ताटकळत ठेवतोय हे हरबाला कळत होतं. त्याचं त्याला वाईटही वाटे. फक्त वाईट वाटायची वेळ नेमकी गिऱ्हाइकाची वेळ असे.

तिसऱ्या वर्षी समुद्राचा तळ ढवळला गेला. हे अधूनमधून होई. का होई, कोण करी, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पाणी गढूळ होई आणि ते निवळल्यावर किनाऱ्याचे हिशेब बदललेले असत. या वेळी पाणी निवळलं तर वाळूवर नारिंगी तोंडाच्या शंखांचा नुसता खच पडला होता. नवखे ते पायाने बाजूला सारत चालले होते. हरबाकडे तसे चौदा शंख होते. त्याने ते मांडले, एकेक कवडी कमी करत तीनपर्यंत आला आणि मग मांडणं सोडून दिलं, कारण जागेलाच पाच लागत होत्या.

त्या संध्याकाळी कातळावरचा सर्वांत जुना व्यापारी बाळोजी त्याच्याजवळ येऊन बसला. बाळोजी अंगाने इतका सुटलेला की तो एका फुटक्या मडक्यात राहत असे.

“तुमचं चुकतं काय सांगू का हरबाशेट?” बाळोजी म्हणाला. “तुम्ही घालायचे शंख विकता. घालायच्या वस्तूचं काही खरं नसतं. आज आहे, उद्या ढीग. उलटा शंख घ्यावा माणसाने.”

खेकड्यांमध्ये ‘माणसाने’ असं म्हणायची पद्धत होती. कुठून आली देव जाणे.

उलटा शंख हरबाने लांबून पाहिला होता. सगळे शंख उजवीकडे वळतात, हा डावीकडे. अष्टपाद हजार वेळा मरावा तेव्हा एखादा निघे. दुधासारखा पांढरा, आतून गुलाबी झाक, आणि कितीही तळ ढवळला तरी त्याचा कधी खच पडला नव्हता. शिवाय किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्यांची पाठ उजवीकडे वळलेली. त्यामुळे त्यात कुणालाच शिरता येत नसे. म्हणजे तो कायमचा कोरा. व्यापाऱ्याला यापेक्षा काय हवं?

“केवढ्याला?” हरबाने विचारलं.

“तुम्हाला म्हणून नऊशेला. उधाणाला बाराशे येतील. तेव्हा सगळ्यांनाच चढती किंमत मिळते.”

हरबाने रात्रभर विचार केला. बाराशे कवड्यांत दांड्यावर टिकतील असे दोन उत्तम शंख येतील. एक आपल्याला आणि एक येसूला, तिच्या टवका गेलेल्या शंखाच्या बदल्यात. मग कातळाला पाठ फिरवायची आणि निघायचं. हे त्याने खरोखर ठरवलं. असलं नसलं ते सगळं विकून त्याच्यापाशी आठशे कवड्या झाल्या. शंभर कमी पडत होत्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात येसू कातळावर आली. एक शंख ती ओढत, ढकलत घेऊन आली होती. गडद तपकिरी, जाड कडांचा, आणि तोंडाशी तिळाएवढा एक काळा ठिपका.

“शिंपली लागली काल,” ती म्हणाली. “मला मोठा होतो. तुझ्या मापाचा आहे, मी दुरून बघूनच ओळखलं. आत शिरले नाहीये मी, हुंगून बघ हवं तर. घाल आत्ता माझ्यासमोर.”

हरबासाठी कुणी काही फुकट आणण्याचा प्रसंग कातळावर आल्यापासून घडला नव्हता. त्याने शंखाच्या कडेवरून नांगी फिरवली. खरंच त्याच्या मापाचा होता.

“घालतो ना,” तो म्हणाला. “आज करवंटी नीट काढायला हवी. अंगाला घट्ट बसलीय. सावकाश काढतो.”

“विकू नकोस हो हरबा.”

“वेडी आहेस का तू?”

येसू गेली. हरबा तो दिवसभर शंखाजवळ बसून होता. त्याने करवंटीची एक कड सैलही केली होती. पण तिसऱ्या प्रहरी टोळीतला केरू आला. बिचारा लाजराबुजरा, नुकतंच अंग वाढलेला, जुन्या शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता. त्याने तपकिरी शंखाकडे पाहिलं आणि म्हणाला, “हरबाकाका, एवढा मला द्याल का? एकशेवीस आहेत माझ्याकडे. सगळ्या देतो.”

हरबाने मागे-पुढे पाहिलं. मग तो स्वतःशीच म्हणाला, की तिच्याच शंखाची सोय होतेय, पुढच्या महिन्यात मी तिला याच्या दुप्पट चांगला आणून देईन. केरूने त्याच्यासमोरच जुना शंख सोडला, झटकन तपकिरी शंखात शिरला आणि आनंदाने एक गिरकी घेतली. त्याचा वास लागला. आता तो शंख जन्मभर केरूचा झाला.

त्याच संध्याकाळी उलटा शंख हरबाच्या करवंटीशेजारी येऊन उभा राहिला. तो किती सुंदर होता ते सांगून कळणार नाही. हरबाने तो धुतला, पुसला, आणि पुढचा महिनाभर त्याच्यावर डोळ्यात तेल घालून पहारा केला. येसू आली की तो म्हणे, “काढतोय करवंटी, काढतोय.” ती त्याच्या मागे, आजूबाजूला पाही आणि निघून जाई. तपकिरी शंखात फिरणारा केरू तिच्याच टोळीत होता, सहाव्या हाताला लटकत होता, हे हरबाच्या डोक्यातच आलं नव्हतं. व्यापाराच्या नादात तो टोळीला विसरूनच गेला होता.

उधाणाचा दिवस उजाडला. पाणी मागे सरकू लागलं आणि दांड्याची पाठ हळूहळू वर आली. हरबाने उलटा शंख कातळावर चढवायला सुरुवात केली. चढ होता, शंख जड होता. मध्यावर त्याने सगळा जोर लावला आणि पाठीवर ‘कट्’ असा आवाज झाला. तीन वर्षांची करवंटी दुभंगली. दोन तुकडे गडगडत खाली गेले आणि हरबा भर उन्हात उघड्या पाठीने उभा राहिला.

वरून एक सावली सरकली. त्याने विचार केला नाही. कातळाच्या कपारीत उलटा शंख ओढला आणि पाठ त्यात घातली. ती जाईना. त्याने अंग आखडलं, श्वास सोडला, शेपूट पिळलं, दुखलं तरी आत रेटलं. शंख डावीकडे जात होता आणि तो उजवीकडे. टोकही आत टिकेना. शेवटी तो धापा टाकत बाहेर पडला, आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की आपण नऊशे कवड्यांचा माल नासवला तर नाही?

त्याने घाईघाईने तो समुद्राच्या पाण्याने धुतला आणि लपतछपत कातळावर मांडला. कासव आला. त्याने तोंडाशी नाक नेऊन बराच वेळ हुंगलं.

“कोरा,” कासव म्हणाला.

हरबाला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी कुठेतरी खोल दुखलंही. एवढा जीव काढून आत घुसायला बघितलं आणि आपला वाससुद्धा राहिला नाही. त्याने पाच कवड्या दिल्या. बाराशे मांडायच्या म्हणून मान वर करून त्याने कातळावर नजर फिरवली.

कातळावर उलटे शंख होते. बाळोजीचा होता, त्याच्या शेजाऱ्याचा होता, त्याच्याही शेजाऱ्याचा होता. हरबाने मोजले तर त्याचा धरून एकोणीस. घालायचे शंख घातले जात होते, झिजत होते, वाळूवर टाकले जात होते. गुहेतून आजवर निघालेला एकही उलटा शंख मात्र कुणाच्या अंगी लागून संपला नव्हता. ते सगळेच्या सगळे इथे होते आणि सगळ्यांनी उधाणाचा मुहूर्त धरला होता. बाळोजीच्या शंखापुढे सातशे कवड्या होत्या. हरबाने सहाशे नव्व्याण्णव मांडल्या. गिऱ्हाईक एकही नव्हतं. नवखे दांड्याकडे धावत होते.

तेवढ्यात येसू आली. तिच्या बरोबर केरू होता, तपकिरी शंखात. तोंडाशी तो तिळाएवढा ठिपका.

हरबाने खाली बघितलं. “येसू, मी तुला…”

“माहीत आहे,” येसू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग करायलाही थोडी उमेद लागते, ती तिने कधीच कुठल्याशा ओहोटीत खर्चून टाकली होती. “करवंटी फुटली तुझी.”

“हो.”

“मग असं कर. आमच्या दोघांच्या मध्ये चल. माझा शंख एका बाजूने, केरूचा दुसऱ्या बाजूने. चिकटून चालू. घारीला वरून पाठ दिसणार नाही तुझी. हळूहळू जाऊ, पोचू.”

“मी खूप सावकाश चालेन, काका,” केरू म्हणाला.

हरबाने दांड्याकडे पाहिलं. खडकावरची हिरवळ आज इतकी जवळ दिसत होती की तिच्यावरचा वारासुद्धा ओळखता येत होता. मग त्याने उलट्या शंखाकडे पाहिलं. दोन शंखांच्या फटीतून चालायचं म्हणजे तो बरोबर नेता येणार नव्हता. नऊशे कवड्या होत्या त्या. तीन वर्षं होती. येसूचा शंखही त्यातच होता.

“तुम्ही व्हा पुढे,” तो म्हणाला. “हा एवढा निघाला ना, की आलोच. पाणी फिरायच्या आत येतो.”

“हरबा.”

“खरंच येतो गं. सहाशे नव्व्याण्णव लावल्यात. जाईल आत्ता.”

येसू थोडा वेळ तिथेच थांबली. एखादं गिऱ्हाईक आलं तर बरं, असं तिलाही वाटलं असावं, कारण तिने एकदा बाजाराकडे वळून पाहिलं. मग तिने आपला टवका गेलेला शंख सावरला आणि ती निघाली. केरू तिच्या बाजूने चालला. दोघांच्या मध्ये एका खेकड्याएवढी जागा त्यांनी तशीच ठेवली होती. बराच वेळ ती तशीच दिसत राहिली.

ऊन चढलं. घारी दांड्यावरून वळून कातळाकडे फिरू लागल्या. हरबा सरकत सरकत उलट्या शंखाच्या मागे गेला, जिथे त्याची सावली पडत होती, आणि आपली गुलाबी पाठ त्याच्या थंड, गुळगुळीत भिंतीला टेकवून, अंग चोरून बसला. सावली लहान होत होती, तसा तो आणखी आखडत होता. दूर पाण्याची कड दांड्यावर परत चढू लागली. राखी आणि तपकिरी असे दोन ठिपके हिरवळीशी पोचले होते, की ते नुसते दगड होते, हे इतक्या लांबून सांगता येत नव्हतं.

पलीकडे बाळोजीची नांगी मडक्याबाहेर आली आणि त्याने आपल्या शंखापुढच्या दोन कवड्या उचलल्या. आता सहाशे अठ्ठ्याण्णव.

घारीची सावली कातळावरून एकदा गेली, परतून आली. ती सरेपर्यंत हरबा थांबला. मग शंखाच्या आडून त्याची एक नांगी हळूच बाहेर आली, चाचपडत पुढे गेली आणि दोन कवड्या उचलून आत आली.